खोदलेला हत्ती फुगीर दिसतो, आणि इतर तक्रारी

फोटोग्राफी : वाचकांचे प्रश्न

या खेपेच्या पत्रांचा सूर एकच आहे. ‘डोळ्यांना झकास दिसत होतं हो ताई, फोटोत सगळं गेलं.’ आणि संशय सगळ्यांचा कॅमेऱ्यावर. दोघांनी तर नवा फोन कोणता घेऊ, असंही विचारलंय. ते मी सांगत नाही, त्यासाठी दुकानदार आहेत. पण डोळा आणि मेंदू मिळून आपल्या नकळत किती कामं उरकतात आणि त्यातली कुठली कॅमेऱ्याला येत नाहीत, एवढं या पत्रांच्या निमित्ताने नक्की सांगता येईल.

प्रश्न : मी रत्नागिरी तालुक्यात प्राथमिक शिक्षिका आहे. मुलांना घेऊन उक्षीचा हत्ती, म्हणजे तिथलं कातळशिल्प, पाहायला गेलो होतो. रेषा कातळात चांगल्या खोल खोदलेल्या आहेत. पण माझ्या बऱ्याच फोटोंत त्या वर उचललेल्या दिसतात, कुणी जाड दोरी चिकटवल्यासारख्या. एक-दोन फोटोंत मात्र बरोबर दिसतात. शाळेच्या हस्तलिखितात फोटो लावायचे आहेत. हे काय झालं?

उत्तर : बाई, फुगीर दिसणारा फोटो हातात घ्या आणि उलटा करा. वरची बाजू खाली. तुमचा फोटो मी टेबलावर असाच फिरवला आणि रेषा एका क्षणात आत गेल्या. आधी हे करून बघा, मग पुढचं वाचा.

आपला मेंदू एक गोष्ट कुणाला न विचारता धरून चालतो : उजेड वरून येतो. सूर्य वर, चंद्र वर, घरातला दिवाही बहुतेक वरच. त्यामुळे एखाद्या आकाराची वरची कड उजळ आणि खालची काळी असली, की मेंदू म्हणतो, हा उंचवटा. वरची कड काळी आणि खालची उजळ, की हा खड्डा. तुम्ही सकाळी गेलात आणि सूर्य पाठीशी ठेवून उभ्या राहिलात. ‘ऊन पाठीमागे घेऊन फोटो काढा’ हे आपल्याला घरोघरी शिकवलेलं असतं. माणसांच्या फोटोला ते ठीक आहे. पण पायाखालच्या जमिनीचा फोटो तसा काढला, की फोटोत उजेड खालच्या कडेकडून येतो. खोदलेल्या रेषेची वरची भिंत उजळते, खालची काळी पडते आणि मेंदू रेषेला उंचवटा ठरवून मोकळा होतो.

जागेवर असताना तुम्ही फसला नाहीत, कारण पाठीला ऊन लागत होतं, गवताच्या सावल्या दिसत होत्या, दोन डोळ्यांनी खोली कळत होती आणि तुम्ही हत्तीभोवती फिरत होतात. कागदावर यातलं काहीच उरत नाही. उरतात फक्त उजळ आणि काळ्या कडा. हा घोटाळा जुना आहे. कॅलिडोस्कोपचं १८१७ साली पेटंट घेणारे स्कॉटलंडचे डेव्हिड ब्रूस्टर यांनीही त्यावर लिहून ठेवलंय. चंद्रावरच्या विवरांचे फोटो उलटे छापले, की विवरांच्या टेकड्या होतात, तेही याचमुळे.

आता उपाय. पुढच्या वेळी सूर्याकडे तोंड करून उभ्या राहा. सावल्या तुमच्या दिशेने येतील आणि फोटोत उजेड वरच्या कडेने उतरेल. वेळ सकाळी ऊन तिरपं असतानाची किंवा चारनंतरची. भर दुपारी सूर्य डोक्यावर असतो, रेषेच्या दोन्ही भिंती सारख्याच उजळतात आणि हत्ती सपाट होऊन जातो. शिवाय चौकटीच्या कडेला गवताचा एखादा उभा झुपका सावलीसकट येऊ द्या. झुपका वर आलेला आहे हे कुणालाही कळतं. त्याची सावली कुठे पडली ते पाहून मेंदू उजेडाची दिशा ठरवतो आणि रेषांचा अर्थ बरोबर लावतो. आकाराचा अंदाज यावा म्हणून शेजारी मोजपट्टी ठेवा. मुलांना शिल्पावर उभं करू नका.

आणि कृपा करून रेषांत खडू किंवा चुना भरू नका. फोटोत उठून दिसावं म्हणून लोक सर्रास भरतात. उक्षी, जांभरूण, कशेळी, बारसू, तिकडे सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ, ही ठिकाणं २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा स्थळांच्या संभाव्य यादीत गेली आहेत. तिरपं ऊन फुकट मिळतं, त्याने जे उठून दिसतं ते खडूने दिसत नाही.

हस्तलिखितासाठी पुन्हा जाणं जमत नसेल, तर आहेत तेच फोटो उलटे लावा. हत्तीचे पाय वर गेले तरी चालतील. वरून पाहिलेल्या जमिनीला वर-खाली असं काही नसतं. फक्त खाली तशी ओळ लिहा, नाहीतर पालक येऊन फोटो सरळ करून जातील.

प्रश्न : जेजुरीला आईचा फोटो काढला. आई समाधानाने हसतेय, पण तिच्या डोक्यातून दीपमाळ उगवलीय. काढताना हे का दिसलं नाही? (नाशिक)

उत्तर : कारण काढताना दीपमाळ आईच्या बरीच मागे होती. तुमच्या दोन डोळ्यांत काही सेंटिमीटरचं अंतर आहे, दोघांना थोडं वेगवेगळं चित्र दिसतं आणि त्या फरकावरून मेंदू जवळचं-लांबचं सोडवतो. शिवाय आपलं डोकं सारखं थोडंफार हलत असतं, त्यानेही आई आणि दीपमाळ सुट्या होतात. कॅमेऱ्याला डोळा एक आणि तोही स्थिर. त्याच्या लेखी आई आणि दीपमाळ एकाच कागदावर आहेत.

बटण दाबण्याआधी एक डोळा मिटा, मान हलवू नका आणि आईच्या डोक्याच्या कडेकडेने नजर फिरवा. खांब, फांदी, वायर, कळस, जे काही चिकटलं असेल ते लगेच दिसेल. मग आईला हलवू नका. तुम्ही एक पाऊल डावीकडे सरका.

प्रश्न : मी चंद्रपूरला कॉलेजात आहे. ताडोब्यात बांबूत वाघ दिसला, जिप्सीतल्या सगळ्यांना दिसला. मी पटापट फोटो काढले. घरी कुणालाच त्यात वाघ सापडत नाही. फोकस तर बरोबर आहे.

उत्तर : फोकस बरोबर आहे, मी पाहिलं. वाघही आहे, मधल्या उभ्या दोन बांबूंच्या उजवीकडे. मलाही शोधावा लागला.

तुम्हाला तो का दिसला माहितीय? तो चालत होता. शंभर पट्टे एकदम एकाच दिशेने सरकायला लागले, की मेंदू त्या सगळ्यांची मोट बांधतो आणि म्हणतो, ही एक वस्तू. बांबू जागेवर, पट्टे हलते, संपला गोंधळ. फोटोत वाघ थांबला आणि पट्टे पुन्हा बांबूंच्या वाटणीला गेले. वाघाच्या अंगावर पट्टे आहेत ते याचसाठी, तुझ्या फोटोसाठी नाहीत.

डेन्मार्कचे एडगर रुबिन यांनी १९१५ साली आकृती आणि पार्श्वभूमी यांवर प्रबंध लिहिला. फुलदाणी की समोरासमोर दोन चेहरे, हे त्यांचं चित्र तू पाहिलं असशील. मधली कड एकच असते. ती फुलदाणीची मानलीस तर चेहरे मागे जातात, चेहऱ्यांची मानलीस तर फुलदाणी जाते. कड कोणाची हे ठरलं नाही, तर आकृती उभीच राहत नाही. तुझ्या फोटोत वाघाच्या कडा बांबूने खाल्ल्या आहेत.

जिप्सीतून उतरता येत नाही, तेव्हा पावलांचा उपाय इथे नाही. वाट बघायची. वाघ रस्ता ओलांडेल, पाणवठ्यावर येईल किंवा नुसतं तोंड तुझ्याकडे वळवेल. दोन डोळे आणि कानांमागचे पांढरे ठिपके यांतलं काहीतरी मोकळं दिसलं, की बाकीचा वाघ मेंदू स्वतः भरून घेतो. बांबूत अर्धवट दडलेला वाघ, पण डोळे उघडे, हा रस्त्यावरच्या पूर्ण वाघापेक्षा चांगला फोटो असतो असं माझं मत आहे. तोपर्यंत बटणावरचं बोट काढून ठेव.

प्रश्न : दरवर्षी दिवे घाटात माउलींच्या पालखीचे फोटो काढतो. अंगावर काटा येतो असं दृश्य असतं. फोटोत नुसती गर्दी दिसते, एसटी स्टँडवरची वाटावी अशी. (सासवड)

उत्तर : तुमचे फोटो रस्त्याच्या कडेला उभं राहून, छातीच्या उंचीवरून काढलेले आहेत. त्या उंचीवरून एका माणसामागे दुसरा दडतो आणि रस्ता नाहीसा होतो. घाटातली वारी अंगावर येते ती वळणांमुळे. एक पांढरा प्रवाह वळतो, डोंगराआड जातो, वर पुन्हा दिसतो. मधलं डोळ्याला दिसत नाही, तरी ते अखंड आहे याची मेंदूला खात्री असते.

जर्मनीत माक्स वेर्थायमर यांनी १९२३ साली याचे नियम मांडले. सुटी सुटी टिंबं डोळा कशी गोळा करतो? जवळची एकत्र धरतो, सारखी दिसणारी एकत्र धरतो, एका ओघात जाणारी एकत्र धरतो, एकत्र हलणारी एकत्र धरतो. वारीत हे चारही एकदम असतात : खांद्याला खांदा, पांढऱ्या टोप्या, रस्त्याचं वळण आणि टाळांच्या ठेक्यावर पडणारं पाऊल. फोटोत चौथं जातंच. छातीच्या उंचीवरून तिसरंही जातं. मग उरतं काय, तर गर्दी.

त्यामुळे चढावर जा, दोन तरी वळणं चौकटीत येतील इतकं वर. किंवा उलट करा, गुडघ्यावर बसा, म्हणजे पताका मोकळ्या आभाळावर येतील आणि एकेक सुटी दिसेल. मधली उंची सोडा.

आणखी एक. सगळं सारखं असलं की त्यात वेगळं असलेलं एक आपोआप पुढे येतं. पांढऱ्या टोप्यांच्या लोंढ्यात डोक्यावर तुळशीवृंदावन घेतलेली एकच बाई आली, तर फोटो तिचा होतो. तुमच्या एका फोटोत अशी बाई आहे, पण शेजारी निळी प्लॅस्टिकची ताडपत्री, पिवळी पिशवी आणि लाल टोपीतला स्वयंसेवकही आहे. चौघंजण वेगळे असले की कुणीच वेगळं राहत नाही.

रिंगणात धावणारा घोडा कसा टिपायचा, असंही तुम्ही विचारलंय, तेही इथेच उरकते. घोडा गोठवून टाकू नका. शटर १/३० सेकंदाच्या आसपास ठेवा आणि घोड्याबरोबर कॅमेरा फिरवा. घोडा बऱ्यापैकी ठाशीव येतो आणि मागच्या पताका पुसून जातात. गेलेली गती थोडी परत मिळते. बरेच फोटो वाया जातील, जाऊ द्या.

प्रश्न : आमचा येवल्यात पैठणीचा व्यवसाय आहे. ऑनलाइन विक्रीसाठी फोटो मीच काढते. गिऱ्हाइकांची कायम तक्रार : फोटोत रंग वेगळा, हातात वेगळा. वांगी रंग तर कधी जांभळा येतो, कधी तपकिरी. एकाच लॉटच्या दोन साड्या वेगवेगळ्या काठांमुळे दोन रंगांच्या वाटतात. फोन बदलू का?

उत्तर : फोन राहू द्या. तुमच्या तक्रारीत तीन वेगळी कारणं एकात एक अडकली आहेत.

पहिलं कारण उजेड. ट्यूब, पिवळा बल्ब, खिडकीतलं ऊन, सगळ्यांचा रंग वेगळा. तुम्हाला तो जाणवत नाही, कारण मेंदू उजेडाचा रंग वजा करून टाकतो. पांढरा कागद तुम्हाला कुठल्याही दिव्याखाली पांढराच दिसतो. लग्नात गुलाबी कापडाच्या मांडवाखाली बसलेले पाहुणे तिथे असताना गुलाबी वाटत नाहीत, अल्बममध्ये वाटतात. कॅमेराही ही वजाबाकी करायला बघतो, पण तो चौकटीतल्या रंगांवरून अंदाज बांधतो. चौकटभर वांगी रंगच असला की अंदाज हुकतो आणि साडी तपकिरी होते. तुमच्या फोटोंत एकीकडून खिडकी आणि वरून एलईडी, असे दोन उजेड आहेत. एक बंद करा. दिवसा सावलीतल्या खिडकीजवळ, दिवे घालवून काढा. पहिल्या फोटोत साडीवर पांढरा कागद ठेवा, त्यावर व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेऱ्याची ही रंगाची वजाबाकी, पक्का करा आणि मग सगळा लॉट त्याच बैठकीत संपवा. एलईडीच वापरायचा असेल, तर सीआरआय (दिवा रंग किती खरे दाखवतो त्याचा आकडा) ९०च्या वरचा घ्या. स्वस्त दिव्यात लाल रंग मरतो आणि वांग्यात लालच जास्त असतो.

दुसरं कारण शेजार. इथे कॅमेऱ्याचा काही संबंध नाही. पॅरिसमधल्या गोबलँ विणकामशाळेत मिशेल शेव्ह्रल हे रसायनतज्ज्ञ रंगविभाग सांभाळत. तिथे तक्रार आली, की काळा रंग फिका पडतो, त्यात दम नाही. शेव्ह्रल यांनी तपासलं तर रंगात खोट नव्हती. निळ्या-जांभळ्याच्या शेजारी विणला की तोच काळा फिका वाटत होता. १८३९ साली त्यांनी त्यावर जाडजूड ग्रंथ लिहिला. तुमच्या धंद्यात हे रोजचं आहे : हिरव्या काठाशेजारी वांग्यातला लाल उसळतो, लाल काठाशेजारी तोच वांगी निळसर वाटतो. यावर इलाज नाही आणि करूही नका, पैठणी त्या शेजारामुळेच तर घेतात. फक्त मागची पार्श्वभूमी सगळ्या साड्यांना एकच ठेवा, मध्यम राखाडी. तुम्ही कधी लाल सतरंजी घेता, कधी काळं कापड. काळ्यावर साडी उजळ दिसते, म्हणून हातात आली की गिऱ्हाईक म्हणतं, ‘फिकी निघाली.’ आमच्या स्टुडिओत ‘जरा उजळ काढा हं’ म्हणणाऱ्यांच्या मागे मी गडद पडदा सोडायचे. गिऱ्हाईक खूश व्हायचं, कारण ते पडदा घरी नेत नसे.

तिसरं कारण विणीचं, आणि ते माझ्यापेक्षा तुम्हालाच जास्त ठाऊक. धूपछाँव पैठणीत ताणा एका रंगाचा, बाणा दुसऱ्या. कोन बदलला की रंग बदलतो. अशा साडीचा एक फोटो कधीच खरा नसतो. एक सपाट आणि एक चुण्या पाडून, असे दोन टाका आणि खाली दोन्ही धाग्यांचे रंग लिहा.

एवढं करूनही कुणी रात्री अकराला फोनचा पिवळा नाइट मोड लावून साडी पसंत केली, तर त्याला तुम्ही काय करणार?

प्रश्न : तालुक्याच्या स्पर्धेत माझा फोटो बाद झाला. ओट्यावर बसलेले आजोबा, मागे दाराची चौकट. परीक्षक म्हणाले, ‘विषय मध्यभागी आहे, रूल ऑफ थर्ड्स मोडला.’ हा नियम इतका पक्का आहे? (अकलूज, बारावी)

उत्तर : नाही. चौकटीचे तीन सारखे भाग करायचे आणि विषय मधोमध न ठेवता तिसऱ्या हिश्शाच्या रेघेवर ठेवायचा, एवढाच हा नियम. जॉन थॉमस स्मिथ नावाच्या इंग्रज कलावंताने १७९७ साली खेड्यापाड्यांच्या निसर्गचित्रांविषयी लिहिताना एकास दोन अशा वाटणीची शिफारस केली, तिथून हे नाव आलं. डोळ्याच्या रचनेत तिसऱ्या हिश्शाला काही मान नाही. सुरुवातीला सगळंच मधोमध ठेवायची सवय मोडायला तो बरा, एवढंच.

डोळा खरा कसा फिरतो ते बघ. हात लांब करून अंगठ्याचं नख धर. साधारण तेवढ्याच भागात आपल्याला बारीक स्पष्ट दिसतं. बाकीचं सगळं दिसल्यासारखं वाटतं, कारण नजर सेकंदाला तीनेक उड्या मारत असते. रशियाच्या आल्फ्रेड यारबुस यांनी माणसांच्या डोळ्यावर बारीक आरसा लावलेली टोपी चिकटवून या उड्या टिपल्या. रेपिन या रशियन चित्रकाराचं एक चित्र दाखवलं, तर नजर पुन्हा पुन्हा चेहऱ्यांवर गेली. आणि पाहणाऱ्याला प्रश्न बदलून विचारला, की नजरेची वाटही बदलली.

नजर चेहऱ्याकडे जाते, अक्षरांकडे जाते, उजेड-अंधाराच्या सीमेकडे जाते. आता तुझा फोटो. आजोबा मधोमध आहेत ते बरोबरच आहे. दाराच्या दोन्ही बाजू सारख्या, उंबरा आडवा, त्यात माणूस मधेच शोभतो. विठ्ठलाला कुणी तिसऱ्या हिश्शात उभं केलं होतं का? पण डाव्या वरच्या कोपऱ्यात पिवळ्यावर लाल अक्षरांत ‘येथे मोबाइल रिचार्ज करून मिळेल’ अशी पाटी आहे. मी ती आजोबांच्या आधी वाचली. परीक्षकांनाही तीच खुपली असणार, पण हाताशी नियम दुसरा होता.

फ्रेंच छायाचित्रकार आँरी कार्तिए-ब्रेसाँ यांचा १९३२ सालचा, फ्रान्समधल्या इएर गावातला फोटो शोधून बघ. वरून दिसणारा वळणदार जिना आणि पलीकडे रस्त्यावरून जाणारा सायकलस्वार. सायकलस्वार लहान आहे, हललेला आहे, वर डावीकडे आहे. तरी डोळा कठड्यावरून घसरत त्याच्यापर्यंत जातोच, कारण चौकटीत त्याला अडवणारी एकही गोष्ट नाही. तो फोटो पाहताना पट्टी घेऊन रेघा मारत बसू नकोस. चौकटीत काय काय नाही, ते बघ.

प्रश्न : कोजागिरीला गच्चीवरून चंद्राचा फोटो काढला. केवढा मोठा दिसत होता! फोटोत तांदळाचा दाणा. (ठाणे)

उत्तर : चंद्र आभाळात फक्त अर्धा अंश जागा व्यापतो. तुमच्या फोनची नेहमीची लेन्स सत्तरेक अंश पाहते. चार हजार पिक्सेल रुंद फोटोत चंद्राच्या वाट्याला पंचवीस-तीस येतात. उगवताना इमारतींच्या वर तो मोठा वाटतो, तोही मेंदूचाच कारभार. हात लांब करून करंगळी धरा, उगवताना आणि मध्यरात्री दोन्ही वेळा चंद्र तिच्यामागे आरामात लपतो.

मोठा चंद्र हवा असेल तर त्याच्याशेजारी ओळखीचं काहीतरी हवं, आणि त्यापासून तुम्ही लांब जायला हवं. जवळून कळस मोठा आणि चंद्र छोटा. जसजसे लांब जाल, तसतसा कळस लहान होतो, चंद्र आहे तेवढाच राहतो. हिशेब सोपा आहे : ज्या वस्तूएवढा चंद्र दिसायला हवा, तिच्या रुंदीच्या एकशे दहा पट लांब उभं राहायचं. साडेचार मीटर रुंद शिखर असेल, तर जवळपास पाचशे मीटर. त्या अंतरावरून फोनचा उपयोग नाही. तीनशे-चारशे मिलिमीटरची लेन्स कुणाकडून तरी मागून आणा आणि चंद्र शिखराच्या मागून कधी, कुठून वर येणार ते नकाशावर आधीच पाहून ठेवा. जागा ठरवायला आदल्या दिवशी जाऊन या. पण चंद्र दुसऱ्या दिवशी सुमारे पाऊण तास उशिरा उगवतो आणि थोडा बाजूलाही सरकलेला असतो, तेवढं हिशेबात धरा.